सात नंबरचा चेहरा

कवळीताईंनी आपल्या सगळ्यात लाडक्या बाहुलीचं तोंड स्वतःच्या हातांनी बिघडवलं, तेही भर दुपारी, चष्मा लावून, पूर्ण शुद्धीत. शनिवारी पुढे जो तमाशा झाला तो सगळा या एका चुकीतून निघाला, म्हणून आधी चूकच सांगितलेली बरी. पण त्याआधी बाई कोण ते कळायला हवं.

कवळीताई कवळ्या बनवायच्या. दात काढणारे डॉक्टर, माप घेणारेही डॉक्टर. पण त्या मापावरून गुलाबी हिरड्या आणि त्यात ओळीनं दात घडवून देणारी माणसं निराळीच असतात आणि ती कुणाला दिसत नाहीत. जिन्याखालच्या एका लांबट खोलीत, प्लास्टरच्या भुकटीत बसून ताईंनी चौतीस वर्षं परक्या लोकांची तोंडं भरून दिली होती. नुसता जबड्याचा साचा पाहिला की त्या माणसाचे ओठ कुठे आत गेले असतील, गाल कुठे बसले असतील, हे त्यांना माणूस न बघता सांगता यायचं. लॅबमध्ये कुणीतरी त्यांना कवळीताई म्हणायला सुरुवात केली आणि त्यांनी ते नाव आनंदानं मिरवलं. आता निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते.

लॅबमधून उरलेला सगळा जीव बाहुल्यांत. लहान मुली अंघोळ घालतात आणि पाय धरून फरपटत नेतात तसल्या बाहुल्या नव्हेत. ज्यांचं डोकं, मनगटं, पावलं, केसांचा टोप असं सगळं सुटं होतं आणि एकीचं दुसरीला बसतं, अशा फॅशनच्या बाहुल्या. वीतभराहून थोड्या उंच, कडक प्लास्टिकच्या, कायम विशीतल्या. ताईंकडे अशा एक्केचाळीस होत्या. लॅबनं टाकून दिलेलं ड्रॉवरचं कपाट त्यांनी घरी आणलं होतं. ज्या कप्प्यांत पूर्वी पांढऱ्या-पिवळसर छटांप्रमाणे दात लावलेले असत, तिथे आता हात होते. उघडे तळवे, मुठी, पर्स धरायला वाकलेली बोटं. डावे वरच्या कप्प्यात, उजवे खालच्या. पावलं दोन तऱ्हेची, उंच टाचांसाठी चवड्यावर उभी आणि सपाट. सपाट पावलं फारशी कधी बाहेर निघत नसत.

या सुट्या भागांतून ताई दर महिन्याला नवीन माणूस जुळवायच्या. हिचं डोकं तिच्या धडावर, तिचे केस हिला, मग तीन केसांच्या ब्रशनं भुवया जरा खाली, ओठ जरा रुंद. मानेची खुंटी मोडली तर ती नव्यानं घडवायची कला आसपास त्यांच्याशिवाय कुणाला येत नव्हती. बाहुल्या जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं, त्यात बारा-पंधरा जणी होत्या आणि सगळ्यांच्या मोडक्या माना ताईंकडेच यायच्या. मंडळाच्या अध्यक्ष हेडबाई. जन्मभर शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या म्हणून हेडबाई. त्यांच्या बाहुल्या खोक्यातच असत, सील न तोडलेल्या, आणि त्या बिचाऱ्यांनी जन्मात कधी वारा खाल्ला नव्हता.

सगळ्यांत लाडकी सात नंबर. एका जुन्या संचातला सातवा चेहरा, फार थोडे निघाले आणि मग कंपनीनं साचाच मोडला. ताईंनी अकरा वर्षं तिचा माग काढला होता. ओठांचा डावा कोपरा किंचित वर होता, समोरच्याचं म्हणणं ऐकून घेऊन मग स्वतःचंच करणाऱ्या बाईसारखा. ताईंना नेमकं तेच जमत नव्हतं, म्हणून बहुधा त्यांना ती इतकी आवडायची.

तर, मुलानं नवं घर घेतलं. अकरावा मजला, लिफ्ट, भरपूर उजेड आणि एक खोली कमी. घराचा नकाशा महिनाभर फ्रिजच्या दारावर चिकटवलेला होता. त्यात नातीच्या खोलीत एक छोटा चौकोन काढून त्यावर 'आई' असं लिहिलं होतं. त्या चौकोनात पलंग मावत होता. पलंगावरून पाय खाली सोडले तर ते कुठे टेकणार, याचा विचार नकाशात नव्हता.

मुलगा वाईट नव्हता. आईचं औषध, आईचा चष्मा, आईचं पेन्शनचं काम, सगळं तो वेळच्या वेळी करायचा. बाहुल्यांचा विषय त्यानं एकदा जेवताना काढला तेव्हा ताई 'बघू' म्हणाल्या होत्या. त्यानं ते होकारात जमा केलं आणि कामाला लागला. हेडबाईंना फोन करून त्यानं एक व्यापारी शोधला. हा गृहस्थ अख्खे संग्रह एकदम उचलायचा आणि पुढे देशोदेशीच्या शौकिनांना विकायचा. शनिवारी चार वाजता त्याची गाडी खोकी घेऊन येणार असं ठरलं. ताईंना ते ठरल्यावर कळलं.

ताई नाही म्हणाल्या. मुलानं खुर्ची जवळ ओढली, नकाशा आणला आणि त्यांना समजावलं. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा नाही म्हणाल्या, त्यानं पुन्हा खुर्ची ओढली. तो चिडत नसे, हीच पंचाईत होती. चिडला असता तर ताईंनाही चिडता आलं असतं. पण नाही म्हटलं की त्याला वाटायचं, आईला नीट कळलं नाही. आणि तो पहिल्यापासून, आणखी सोप्या शब्दांत, आणखी प्रेमानं सगळं सांगायचा. अडगळ कमी होईल, तू मोकळी होशील, या वयात कशाला तो पसारा. पाचव्या वेळी ताई गप्प बसल्या. त्यानं तेही होकारात जमा केलं.

वर व्यापाऱ्याची एक अट होती आणि ती हेडबाईंनी फोनवर अगदी गोड आवाजात कळवली. चेहरे कंपनीतून निघाले तसे हवेत. कंपनीचा रंग पक्का असतो, तो स्पिरिटनं जात नाही. वरून हातानं केलेलं काम तेवढं जातं. तेव्हा ताईंनी आपले रंग पुसून द्यावेत. "घेणाऱ्याला तुमचा हात दिसायला नको, एवढंच," असं हेडबाई म्हणाल्या.

एक्केचाळीस चेहऱ्यांवरून स्वतःचा हात पुसायचा आणि त्यासाठी पाच दिवस. सोमवारी लॅबला सुट्टी असे. ताई टेबलाशी बसल्या, कापूस घेतला आणि सगळ्यात अवघड काम आधी उरकावं म्हणून सात नंबरचं डोकं मानेवरून काढून हातात घेतलं.

टेबलावर दोन बाटल्या होत्या. दोन्ही तपकिरी, दोन्ही एकाच उंचीच्या. एकीत स्पिरिट. दुसरीत लॅबमधलं लिक्विड, ज्यात गुलाबी पावडर कालवली की कवळीची हिरडी तयार होते. बाहुल्यांच्या मोडक्या मानांसाठी ताई ते थोडं घरी आणायच्या. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावा असं सून दहादा म्हणाली होती. ताईंना त्या सूचनेचा राग यायचा. लिक्विडला असा वास असतो की झोपलेला माणूस उठून बसावा. ज्या बाईला ते नाकानं ओळखता येत नाही तिनं लॅबची पायरी चढू नये, असं त्या स्वतः प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत आल्या होत्या. फक्त त्या सोमवारी त्यांना सर्दी झाली होती.

डोकं त्यांनी नेहमीसारखं मुठीत धरलं, गाल दोन बोटांत दाबून. कापूस भिजवला. कपाळावरून, डोळ्यांच्या कडेनं, ओठांवरून फिरवला. रंग नेहमीपेक्षा भराभर निघाला, कंपनीचासुद्धा थोडा विटला, तेव्हा त्या दचकल्या. मग त्यांना केस चिकटल्यासारखी एक रेघ दिसली. ती नखानं काढायला गेल्या तर निघेना. तेवढ्यात शेजारी दुसरी उमटली, मग तिसरी. हे लिक्विड कडक प्लास्टिकला लागलं आणि ते प्लास्टिक त्या वेळी दाबाखाली असलं की ते बारीक-बारीक तडकतं. चौतीस वर्षं ताई हेच होऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून काम करत आल्या होत्या. डोळ्यांच्या कोपऱ्यात पंखा उघडावा तशा रेघा पसरल्या, कपाळावर आडव्या तीन आल्या, वरच्या ओठावर उभ्या चिरा पडल्या. पाच मिनिटांत सात नंबर विशीतून सत्तरीत गेली.

ताई रडल्या. नाक आधीच वाहत होतं, त्यात डोळ्यांनी भर घातली. अकरा वर्षं शोधलेली वस्तू आपल्याच हातानं, ज्या कामात आपण सगळ्यांचे कान धरले त्याच कामात बिघडावी, याची त्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. त्यांनी ते डोकं रुमालात गुंडाळलं आणि चौकशी होऊ नये म्हणून पर्समध्ये टाकलं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये डबा खाताना त्यांनी रुमाल उघडला. रडं ओसरलं होतं, त्यामुळे आता त्यांनी त्या चेहऱ्याकडे कारागिराच्या नजरेनं पाहिलं. आणि त्यांचा घास हातातच राहिला. रेघा चुकीच्या जागी नव्हत्या. ओठावरच्या उभ्या चिरा नेमक्या तिथे होत्या जिथे दात गेलेल्या माणसाला पडतात. गाल दाबलेला होता म्हणून नाकाच्या बाजूची घडी खाली हनुवटीपर्यंत आली होती, आणि ती तिथेच यायला हवी. जन्मभर पाहिलेल्या साच्यांवर जे चेहरे त्यांनी मनात चढवले होते, त्यांतला एक समोर बसला होता. आणि ओठाचा तो डावा कोपरा तसाच वर होता. विशीत तो नखरा वाटायचा. आता मात्र बाईनं आयुष्यभर सगळ्यांचं ऐकून घेऊन स्वतःचंच केलं असणार, अशी खात्री पटत होती.

त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. लॅबमध्ये पेशंट कधी येत नाहीत, पण एक म्हातारी एकदा जिन्याखाली वाकून आत आली होती, डॉक्टरांशी भांडून. तिच्या खऱ्या दातांत पुढे फट होती. कवळीतही तीच फट हवी, असं तिचं म्हणणं. डॉक्टर म्हणाले, नवीन करतोय तर सरळ, सुंदर दात घ्या. म्हातारी म्हणाली, सुंदर दात दुसऱ्या कुणाला द्या, मला माझे द्या. ताईंनी मालकांना न विचारता तिला फट ठेवून दिली होती. त्याबद्दल बोलणी खाल्ली होती आणि ती बोलणी त्यांना अजून गोड लागायची.

बुधवारी संध्याकाळी हेडबाई यादी तपासायला घरी आल्या. तपासत होत्या त्या शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्यासारख्या. चाळीस डोकी ठीक निघाली, त्यांवरचे रंग तेवढे पुसायचे होते. एक्केचाळिसावं ताईंनी त्यांच्या तळहातावर ठेवलं. हेडबाईंनी ते झुरळ ठेवल्यासारखं टेबलावर टाकलं. मग त्यांना ताईंची दया आली असावी, कारण त्या समजुतीच्या सुरात बोलू लागल्या. होतं असं, वय झालं की हात थरथरतो. व्यापाऱ्याला आपण चाळीसच सांगू. ही टाकून द्या.

"टाकून का द्यायची?" ताईंनी विचारलं.

"अहो, फॅशनची बाहुली म्हातारी नसते. म्हातारी झाली की ती बाहुली राहत नाही."

"मग कोण होते?"

"कोण कसली? अडगळ होते," असं म्हणून हेडबाई हसल्या.

हसताना त्यांचे वरचे दात दिसले. ते ताईंनीच केले होते. सत्तरीच्या तोंडात विशीतल्या पोरीचे पांढरेशुभ्र दात, हट्टानं मागून घेतलेले. ही गोष्ट लॅबबाहेर कुणाला माहीत नव्हती आणि ताईंनी ती आताही पोटातच ठेवली. पण त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. मुलगाही अडगळच म्हणाला होता. त्याच्या तोंडी तो शब्द खोलीसाठी होता आणि हेडबाईंच्या तोंडी बाहुलीसाठी. हा शब्द हळूहळू कुणाकडे सरकत येतोय, हे न कळायला ताई काही दुधखुळ्या नव्हत्या.

गुरुवारी त्यांनी लॅबमध्येच, कामाच्या अधेमधे, एक जुनं, मान तुटलेलं, कुणालाच नको असलेलं डोकं घेऊन तालीम केली. लिक्विड किती लावायचं, किती वेळ ठेवायचं, कुठे दाबायचं. कापसानं नव्हे, ब्रशनं. कपाळ अंगठ्यानं वर ढकललं तर आडव्या रेघा येतात. गाल कानाकडे ओढले तर हसऱ्या. नुसतं लावून सोडून दिलं तर काहीच येत नाही. प्लास्टिकवर जोर असेल तिथेच रेघ उमटते. ताईंना हे सगळं उलट बाजूनं पाठ होतं. आता तेच सुलट करायचं होतं. संध्याकाळपर्यंत हात बसला.

निर्णय वगैरे काही त्यांनी घेतला नाही. रात्रीच्या जेवणाला मुलानं सहज विचारलं, पुसून झाले का गं चेहरे, आणि त्या म्हणाल्या, करतेय. त्याला वाटलं पुसतेय. ताईंनी खुलासा केला नाही. पाच वेळा खुलासा ऐकून त्यांचा खुलाशांवरचा विश्वास उडाला होता.

शुक्रवारी त्यांनी रजा टाकली. खिडकी उघडली, पंखा लावला, तोंडाला मास्क बांधला आणि बाटलीवर जाडजूड अक्षरांत 'लिक्विड' अशी चिठ्ठी चिकटवली. आज सर्दी नव्हती, तरीही. मग त्यांनी पहिलं डोकं उचललं आणि उजेडाकडे वळवून त्याचे कोरे गाल एकदा नीट पाहून घेतले. हे परत फिरणारं काम नव्हतं. रंग पुसता येतो, टोप बदलता येतो, हात-पाय एकीचे दुसरीला लावता येतात. या सगळ्या छंदाची गंमतच ती की काहीही केलं तरी मोडून पुन्हा करता येतं. रेघ मात्र राहणार होती. जग या बाहुल्यांना किंमत देत होतं ती त्यांच्या कोऱ्या गालांसाठी. ते गेले की त्या कुणाच्याच कामाच्या नव्हत्या. ताईंनी ब्रश टेकवला, कारण त्यांना नेमकं तेच हवं होतं.

दुपारपर्यंत वीस झाल्या. एकीसारखी दुसरी होऊ दिली नाही. एकीला हसून-हसून पडलेल्या रेघा दिल्या, दुसरीला हिशेब तपासून कपाळाला आलेल्या आठ्या. एकीचा खालचा ओठ पुढे काढला, कवळी न घालता जेवायला बसणाऱ्या बायकांचा येतो तसा. एकीच्या पुढच्या दातांत बारीक फट कोरली आणि कोरताना ताई स्वतःशीच हसल्या. टोपांच्या कप्प्यात चांदीसारखे पांढरे टोप ढिगानं पडलेले होते. कंपनीनं ते विशीतल्या चेहऱ्यांवर ऐट म्हणून काढले होते; आता त्यांना त्यांच्या हक्काच्या मालकिणी मिळाल्या. मग ताईंनी सपाट पावलांचा कप्पा पहिल्यांदाच पूर्ण बाहेर ओढला. एकेकीची चवड्यावरची पावलं काढून सपाट बसवताना त्या पुटपुटत होत्या, "टेका बाई आता. फार वर्षं उभ्या राहिलात."

तेवढ्यात सून चहा घेऊन आत आली. ती त्या दिवशी घरूनच काम करत होती. कप तिच्या हातातच राहिला. टेबलभर म्हाताऱ्या बसल्या होत्या, आणि मधे सासूबाई मास्क बांधून एकविसावीचे गाल ओढत होत्या. ताईंनी काम थांबवलं नाही. बोलायचं ते बोल, अशी मान त्यांनी वर केली.

सुनेनं कप ठेवला आणि एक बाहुली उचलून उजेडात धरली. 

"आई, ही हसतेय की रागावलीय?"

"दोन्ही. आमच्या वयात दोन्ही एकदम जमतं."

सुनेनं बाहुली जागेवर ठेवली. ह्यांना माहीत आहे का, असं तिनं विचारलं नाही. उत्तर तिला दिसतच होतं. जाताना तिनं खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेर मुलाचा फोन आला तेव्हा, आई कामात आहेत, एवढंच ताईंना ऐकू आलं. ते खोटं नव्हतं.

शनिवारी चाराच्या ठोक्याला व्यापारी आला. नीटनेटका, हळू बोलणारा माणूस, खिशात भिंग, मागे दोन हमाल आणि घडी घातलेली खोकी. हेडबाई सोबत होत्या. मुलगा सकाळपासून खूश होता. आईनं मनावर घेतलं, पाच दिवस खपून काम केलं, असं तो व्यापाऱ्याला कौतुकानं सांगत होता. ताईंनी चांगली साडी नेसली होती. त्या पुढे झाल्या आणि त्यांनी खोलीचं दार उघडलं.

टेबलावर, कपाटावर, खिडकीच्या कट्ट्यावर एक्केचाळीस म्हाताऱ्या बसल्या होत्या. कपडे तेच होते, झगमगीत, उंची, खांदे उघडे टाकणारे. त्यांतला एकही ताईंनी बदलला नव्हता. लाल झग्यातली कपाळाला आठ्या घालून बसली होती, चंदेरी कोटातली दातांतली फट दाखवत होती. मधोमध सात नंबर, काळ्या मखमलीत, ओठाचा डावा कोपरा वर करून. सगळ्यांची सपाट पावलं नीट टेकलेली होती.

 व्यापाऱ्यानं भिंग काढलं, कारण ती त्याची सवय होती. त्यानं सात नंबर उचलली, मग लाल झग्यातली, मग आणखी चार-पाच. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यानं आधी एकच विचारलं, की हा रंग आहे का, पुसता येईल का.

"रंग नाही तो," ताई म्हणाल्या. "तडे आहेत. जाणार नाहीत."

"काम फार बारीक आहे," व्यापारी म्हणाला. "पण हे मी विकू कुणाला?"

"कुणालाच नका."

त्यानं भिंग खिशात ठेवलं, नमस्कार केला आणि हमालांना मानेनं खूण केली. खोकी घडी घातलेलीच परत गेली. हेडबाईंची बोलती बंद झाली होती ती जिन्यापाशी सुरू झाली. मंडळाची अब्रू, माझा शब्द, असा दुर्मीळ चेहरा, असं सगळं एका दमात. बोलता-बोलता वरचे दात टकटक वाजत होते. ताई त्यांना सोडायला दारापर्यंत गेल्या आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "वरची सैल झालीय. मंगळवारी लॅबवर या, मी आहे तोवर करून देते." हेडबाईंनी तोंड मिटलं आणि जिना उतरल्या.

घरात आता तिघंच उरली. मुलगा अजून खोलीतच उभा होता. त्याच्या तोंडावर राग, लाज आणि घोर गोंधळ असं सगळं एकदम आलं होतं.

"आई, काय केलंस हे? सगळ्या खराब केल्यास."

"खराब नाही केल्या. माझ्या केल्या."

"अगं, मी तुला इतकं समजावलं होतं..."

"पाच वेळा," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण आजवर घरातल्या कुणी तो तसा ऐकला नव्हता. "पाचही वेळा मला समजलं होतं. पहिल्याच वेळी समजलं होतं. मला नको होतं."

मुलगा काही बोलायला गेला. सवयीनं त्याचा हात खुर्चीकडेही गेला. पण खुर्चीवर दोन म्हाताऱ्या बसवलेल्या होत्या, आणि त्यांना उचलून खाली ठेवायचं त्याच्यानं होईना. तो तसाच उभा राहिला.

ताईंनी बाहेर जाऊन फ्रिजवरचा नकाशा काढला आणि टेबलावर, सात नंबरच्या पायाशी, पसरला. पेन्सिल कानामागे होतीच. नातीच्या खोलीतला तो चौकोन त्यांनी तसाच ठेवला. झोपायला तेवढी जागा त्यांना पुरत होती. त्यांची पेन्सिल हॉलमध्ये गेली. दारातून आत पाऊल टाकताच समोर दिसते त्या भिंतीवर त्यांनी एक लांब रेघ ओढली.

"इथे काचेचं कपाट. दिवे लावून."

"तिथे टीव्ही आहे, आई. आणि हॉलमध्ये? येणारे-जाणारे बघतील."

"बघायलाच ठेवणार आहे."

मुलानं मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीपाशी उभी राहून फट असलेल्या बाहुलीचा टोप सारखा करत होती. टीव्ही आपल्या खोलीत मावतो, मी मोजलंय, एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा टोपाकडे वळली. कधी मोजलं, असं विचारावंसं त्याला वाटलं असेल, पण त्यानं विचारलं नाही.

तो नकाशावर वाकला.  मग त्यानं वर पाहिलं. एक्केचाळीस जणी त्याच्याकडे बघत होत्या आणि त्यांच्यात बेचाळिसावी त्याची आई उभी होती. त्यानं तिच्या हातातून पेन्सिल घेतली.

"किती फूट?" त्यानं विचारलं.

"आठ," ताई म्हणाल्या.

लागणार सहाच होते. ताईंनी गुरुवारीच मोजून ठेवलं होतं. पण निवृत्तीनंतर वेळच वेळ होता, बाटली अजून अर्धी भरलेली होती, आणि सात नंबरच्या पुष्कळ मैत्रिणी अजून जगात विशीतच अडकून पडल्या होत्या.